त्रेसष्टाव्या अंकातली घडी

"आत्या, सोमवारी नवीन मशीन येतंय. तुझं टेबल उचलायला लागेल," बारक्या म्हणाला. तेही फोनमध्ये बघत बघत, जणू माझं टेबल म्हणजे कोपऱ्यातली बादली.

मी हातातली घडी पूर्ण केली, पट्टीने दाबली आणि मग वर बघितलं. "उचलून कुठे ठेवणार?"

"ठेवायचं कुठे? काढूनच टाकायचं."

"आणि मला?"

तेव्हा कुठे त्याने फोन खिशात घातला. बारक्या म्हणजे माझ्या भावाचा मुलगा. लहानपणी काडीसारखा होता म्हणून बारक्या, आता प्रेसच्या दारातून आत येताना मान वाकवतो. दादा गेल्यापासून प्रेस तोच बघतो. औषधांच्या खोक्यांचं काम त्याने आणलं, मशीनं आणली, कोपऱ्यात काचेची केबिन बांधून घेतली. पोरगा कामाचा आहे, यात वाद नाही. पण एखादी गोष्ट ठरवून झाल्यावर सांगायची, ही खोड त्याने बापाकडून जशीच्या तशी उचललीय.

"तुला कोण काढतंय? तू खोकी तपासायला बस. खुर्ची देतो चांगली."

"आणि 'तळघर'? शंभरावा अंक तोंडावर आलाय."

"निघेल की. स्क्रीनवर निघेल. मी सगळं करून ठेवलंय. गुरुवारी मास्तरांना बोलावलंय, त्यांना पण दाखवतो."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी काही बोलायच्या आत त्याने माझा उजवा हात धरला आणि उजेडात केला. "ही बोटं बघ, आत्या. सहाशे चाळीस नकाशे, एकेकाला अकरा घड्या. अंक निघाला की आठवडाभर तुला चमचा धरता येत नाही. आईने सांगितलंय मला."

सांध्यांना सूज होतीच. खोटं असतं तर मी त्याला उभा-आडवा घेतला असता. खरं होतं, म्हणून नुसताच हात ओढून घेतला.

'तळघर' म्हणजे काय ते सांगते, कारण पहिल्यांदा ऐकणारा प्रत्येक जण कपाळाला आठ्या घालतो. ते एक मासिक आहे, म्हणजे खरं तर तीन महिन्यांनी निघतं. पाच-सहा माणसं एका टेबलाभोवती बसून एक खेळ खेळतात, त्यांच्यासाठी. एक जण गोष्ट सांगतो: तुम्ही अंधाऱ्या भुयारात आहात, समोर दोन दारं आहेत. बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र घेतात. कोणी चोर, कोणी वैद्य, कोणी नुसताच दांडगा. "मी डावं दार उघडतो" असं म्हणायचं, मग फासा टाकायचा. दार उघडलं तर उघडलं, नाहीतर आतला राक्षस अंगावर येतो. कागद, पेन्सिल, फासे, बस. 'तळघर'मध्ये या खेळासाठी गोष्टी येतात, राक्षस येतात, सापळे येतात, वाचकांची भांडखोर पत्रं येतात. आणि मधे घडी घातलेला एक भलामोठा नकाशा.

पंचवीस वर्षांपूर्वी पहिला अंक छापायला आला तेव्हा मी दादाला म्हटलं होतं, "घोडी झाली आणि भातुकली खेळतात मेली." दादा म्हणाला, "तू घड्या घाल."

'तळघर' काढतात ते मास्तर. शाळेतले नाहीत. खेळात जो गोष्ट सांगतो त्याला मास्तर म्हणतात, आणि यांनी इतकी वर्षं इतक्यांना गोष्टी सांगितल्या की तेच त्यांचं नाव पडलं. नोकरी होती पाणीपुरवठ्यात, नकाशे काढायची. जमिनीखाली कुठला पाइप कुठे जातो, व्हॉल्व्ह कुठे आहे, सगळं हाताने. दिवसभर खऱ्या शहराच्या पोटातलं काढायचे आणि सुट्टीच्या दिवशी खोट्या. त्यांच्या नकाशातली भुयारं म्हणूनच खरी वाटतात, पाणी वाहून जाईल अशा उताराची असतात.

आता ते त्रेसष्टाव्या अंकाचं. हे मी नऊ वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या नकाशाला चार घड्या होत्या, साध्या. मास्तरांनी नमुना करून दिला होता. मी तो समोर ठेवून पहिले दहा घातले, ते त्यांच्या प्रतींसाठी बाजूला काढले. आणि तेवढ्यात मशीनमनशी माझं वाजलं. त्याने शाईचा डबा माझ्या कोऱ्या कागदांवर ठेवला होता. मी त्याला झापायला लागले, तो मला उलट बोलायला लागला, आणि भांडताना माझे हात फार वेगात चालतात. तास-दीड तास आम्ही एकमेकांच्या सात पिढ्या काढल्या. भांडण संपलं तेव्हा घड्याही संपल्या होत्या. पिना मारल्या, गठ्ठे बांधले, पोस्टात गेले.

संध्याकाळी टेबल पुसताना नमुना हातात आला तेव्हा मला दिसलं. तिसरी घडी आत जायला हवी होती, मी बाहेर घातली होती. एकदा नाही, पाचशे-साडेपाचशे वेळा. त्यामुळे नकाशाचा मधला पट्टाच्या पट्टा चुणीत दडपला गेला होता. मी दादाला सांगितलं नाही. मशीनमनला तर मेले तरी सांगितलं नसतं. मूग गिळून गप्प बसले आणि रोज पोस्टमनची सायकल दिसली की टेबलाखाली काहीतरी शोधायला वाकायचे.

महिन्याभराने मास्तर आले. पिशवीत पत्रांचा हा गठ्ठा. मला वाटलं, आली आता पूजा बांधायची वेळ.

"बाई, त्रेसष्टच्या घड्या कोणी घातल्या?"

"मी. का?"

त्यांनी एक पत्र पुढे केलं. पत्र लिहिणारे पाच जण दर रविवारी खेळायचे. नकाशा उघडून त्यांनी सगळी दारं शोधली होती, राजाच्या निजायच्या खोलीत जायला वाटच सापडेना. कंटाळून नकाशा मिटला, आणि मिटलेल्या नकाशावर बघतात तर काय! एका टोकाच्या विहिरीतून निघालेलं भुयार थेट दुसऱ्या टोकाच्या राजाच्या कपाटात शिरत होतं. मधला पट्टा चुणीत गेल्यामुळे दोन रेघा एकमेकींना येऊन भिडल्या होत्या, केसाचाही फरक नाही. पाचही जण खुर्च्यांवरून उठून ओरडले म्हणे. शेजारी बघायला आले. खाली लिहिलं होतं, 'असली युक्ती ज्याच्या डोक्यातून निघाली त्याच्या पाया पडावंसं वाटतं.' आणि तशी चाळीस पत्रं होती.

मास्तर माझ्याकडे बघत होते. "हे मुद्दाम केलंत?"

मी म्हटलं, "मग काय चुकून?"

झालं. त्या दिवसापासून मास्तर नकाशा काढायचे आणि मी त्यात घड्या बसवायचे. इथे एवढी चुणी घेतली तर तुरुंगातून स्वयंपाकघरात जाता येईल का, असं तासन् तास चालायचं आमचं. चाराच्या सात झाल्या, साताच्या अकरा. अंकाच्या शेवटी नावं यायची त्यात एक ओळ वाढली: 'घड्या: बाई'. माझं नाव कधी कशावर छापलं गेलं नव्हतं, रेशनकार्ड सोडून. आणि ते असं खोटं बोलून मिळवलेलं. प्रत्येक अंकाला ती ओळ वाचताना सुख पण व्हायचं आणि आत काहीतरी टोचायचं पण.

गुरुवारी मास्तर आले तेव्हा दोन्ही हातांत पिशव्या होत्या. जुने सगळे अंक. स्क्रीनवर घ्यायला बारक्याने मागवले होते. ते बघूनच मला कळलं की मास्तर निम्मे हरूनच आलेत.

बारक्याने माझ्याच टेबलावर कॉम्प्युटर मांडला. शंभराव्या अंकाचा नकाशा त्यात होता, आणि खरं सांगते, देखणा दिसत होता. बोटाने मोठा करता येत होता, मशाली मिणमिणत होत्या. मग त्याने एक बटण दाबलं आणि नकाशाने आपोआप घड्या घातल्या. एक, दोन, तीन, अकरा. माझ्या अकरा घड्या. विहीर बरोबर खजिन्याला जाऊन लागली आणि टिंग असं वाजलं.

"बघ, आत्या. तुझी एकही घडी सोडलेली नाही." बारक्याच्या चेहऱ्यावर लहानपणी गणित सुटल्यावर यायचा तोच आनंद होता. त्याने खरंच रात्री जागून हे केलं होतं, माझ्यासाठी.

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "छान केलंस," ते म्हणाले. "पोस्टाचा त्रास नाही. हरवायचं नाही. बाईंच्या हातांना आराम. मला वाटतं, वेळ झाली आता."

"कसली वेळ झाली?" मी खवळले. "सहाशे चाळीस माणसं वर्गणी भरून वाट बघतायत आणि तुम्ही चष्मा कसले पुसताय? मास्तर आहात ना? राक्षसांना भिडा म्हणून लोकांना शिकवता, आणि स्वतः एका बटणाला भ्यालात?"

"बाई, मी एकाहत्तर वर्षांचा आहे."

"मग? राक्षस वय विचारतो का?"

"आत्या, ओरडू नकोस," बारक्या म्हणाला. "तू मला एवढंच सांग, कागदावर असं काय आहे जे यात नाही? एक गोष्ट सांग. मी टेबल ठेवतो, जा."

सापडलं असतं तर लगेच तोंडावर फेकलं असतं. कागदाचा वास म्हणणार होते, पण वासासाठी कोणी प्रेस चालवत नाही. मी नुसती त्या पडद्याकडे बघत राहिले. घड्या पडत होत्या, उलगडत होत्या, परत पडत होत्या. दर वेळी तशाच. आणि एकदम मला दिसलं. सांगायला जीभ रेटेना, कारण त्यासाठी मला माझी ओळ मोडावी लागणार होती.

"बारक्या," मी म्हटलं, "याला तिसरी घडी उलटी घालायला सांग."

"उलटी म्हणजे?"

"चुकीची. आत नको, बाहेर."

"ती नाही होणार. आपण सांगितलेल्याच घड्या पडतात त्यात. चुकीची कशाला घालेल कोण?"

"मी घातली होती." माझा आवाज इतका बारीक निघाला की मलाच माझा राग आला, म्हणून पुढचं ठणकावून बोलले. "त्रेसष्टावा अंक. मुद्दाम नव्हतं केलं. मी मशीनमनशी भांडत होते, माझं लक्ष नव्हतं, सगळे नकाशे चुकले. युक्ती नव्हती ती, चूक होती. मास्तर, मी तुम्हाला तोंडावर खोटं सांगितलं, आणि नऊ वर्षं माझं नाव छापून घेतलं. त्या पोरांनी ते दार शोधलं, मी नाही दिलेलं. मीच चुकले नसते तर ही अकरा घड्यांची भानगड जन्मालाच आली नसती. बारक्या, तुझ्या या डब्यात चुकायला जागा कुठाय, ती दाखव मला!"

मशीनमन लांबून बघत होता. त्याला ऐकू गेलंच असणार. जाऊ दे.

मास्तरांनी पिशवी जवळ ओढली. पिशवीत हात घालून त्यांनी अंक चाळले आणि एक बाहेर काढून माझ्यासमोर ठेवला. त्रेसष्टावा. मधला नकाशा मिटलेलाच होता. मी हात लावला आणि बोटांना आधी कळलं, डोळ्यांना नंतर. तिसरी घडी आत होती. नमुन्यासारखी, सरळ.

"पहिल्या दहा प्रती माझ्या असतात, बाई," ते म्हणाले. "त्या तुम्ही बरोबर घातल्या होत्या."

"म्हणजे तुम्हाला..."

"पत्रं आली तेव्हा मला काही कळेना. माझ्या प्रतीत विहीर नुसती विहीरच होती. मग एका वाचकाची प्रत मागवून बघितली." ते हसले. "राजाच्या खोलीला दार काढायला मीच विसरलो होतो. तुमची घडी नसती तर तो अंक आंधळा होता."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"तुम्ही म्हणालात, मुद्दाम केलं. मला वाटलं, या बाईबरोबर काम करायला मजा येईल."

मला रडायला आलं आणि मी रडले. टेबलावर कोरे कागद होते म्हणून तोंड दुसरीकडे केलं, एवढंच.

बारक्या दोघांकडे आळीपाळीने बघत होता. "एक मिनिट. म्हणजे सगळ्यांत गाजलेला नकाशा, त्यात यांची चूक आणि तुझी चूक?"

"हो," मी नाक पुसत म्हटलं. "आणि आता तू कर."

शंभराव्या नकाशाचा छापून बघितलेला कागद मी त्याच्या पुढ्यात टाकला, घड्या न घातलेला. "घाल घडी. कशीही. प्रेसवाल्याचा मुलगा आहेस, तुझ्या बापाने तुला एवढं तरी शिकवलं असेल."

नव्हतं शिकवलं. त्याने कागद असा धरला की जणू गरम तवा. एक घडी घातली ती तिरपी गेली. ती सावरायला दुसरी घातली, ती पहिलीच्या अंगावर चढली. तिसरीत एक कोपरा मुडपला. मी हात मागे बांधून उभी राहिले. मला किती कष्ट पडले ते माझं मला माहीत.

"हे काही होत नाहीये, आत्या," तो म्हणाला आणि थांबला. कागद डोळ्यांजवळ नेला. "मास्तर, हे काय आहे?"

मुडपलेला कोपरा तुरुंगाच्या भिंतीवर येऊन पडला होता. त्या कोपऱ्यात, नकाशाच्या अगदी कडेला, नदीचा घाट होता. घाटाच्या पायऱ्या आता कोठडी नंबर चारमध्ये उतरत होत्या.

मास्तरांनी चष्मा लावून बघितलं, कागद फिरवून बघितलं. "हे मी काढलेलं नाही."

"मग पायऱ्यांच्या खाली काय आहे?"

"मला काय माहीत?" मास्तर म्हणाले. "तू घातलीस घडी. तू सांग."

बारक्या खुर्ची ओढून बसला. खिशात फोन वाजत होता. वाजून वाजून थांबला.

मग मी तुटायच्या आत ताणायचं सोडलं, कारण गडी अर्धा वितळला होता आणि त्याचा व्यवहारही काही चूक नव्हता. मी म्हटलं, "माझ्या घड्या बंद. पाकिटात मावायला दोन घड्या लागतात, त्या तुझं मशीन घालेल. बाकीचा नकाशा सपाट जाऊ दे. कुठे मुडपायचा ते वाचक ठरवतील. माझे आठ दिवस वाचले, बोटं वाचली. कागद मात्र जाणार. छापून जाणार, पोस्टाने जाणार, त्यांच्या हातात पडणार आणि त्यांच्या हातून चुकणार. यात तुला एक अक्षर बदलायचं असेल तर आधी मला टेबलासकट उचल."

"आत्या, तुझी ओळ जाईल," बारक्या हळू म्हणाला. "घड्या: बाई."

"ती मी बघते."

सोमवारी मशीन आलं. हमाल विचारायला लागले, कुठे ठेवायचं? बारक्याने एकदा माझ्या टेबलाकडे बघितलं. टेबलावर मी डबा उघडून जेवायला बसले होते, सकाळी साडेनऊला. भूक नव्हती, पण बसले होते. त्याने एक सुस्कारा टाकला आणि आपल्या काचेच्या केबिनकडे बोट दाखवलं. तासाभरात केबिन खोलून भिंतीला टेकवली. मशीनमन माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "भांडण केलंत की काहीतरी मोडतंच तुमच्या हातून." मी त्याला फोडीचं लोणचं दिलं.

शंभरावा अंक निघाला. शेवटच्या पानावर ओळ होती: 'घड्या: तुमच्या तुम्ही घाला.' आणि तिच्या खाली, माझ्या हट्टापायी, अजून एक: 'त्रेसष्टाव्या अंकातली घडी चुकून पडली होती. बाई.' मास्तर म्हणत होते, कशाला? मी म्हटलं, ज्यांच्याशी खोटं बोलले त्यांना कळायला नको?

तीन आठवड्यांत नकाशे परत यायला लागले. घड्या घातलेले, टाचण्या लावलेले, एक तर चक्क कात्रीने कापून पिळलेला. सोबत पत्रं. आम्हाला इथे दार सापडलं, आत काय आहे ते मास्तरांना विचारा. दोनशे अकरा दारं, मी मोजली. मास्तर रोज येऊन शिव्या घालतात, एकाहत्तराव्या वर्षी एवढं लिहायला लावलं म्हणून, आणि घरी जायचं नाव घेत नाहीत. त्रेसष्टाव्याबद्दल फक्त एक पत्र आलं, त्या रविवारच्या पाच जणांचं. आता चारच राहिलेत. लिहिलं होतं, 'बाई, चूक असली तरी आम्ही खुर्चीवरून उठलो होतो ते खरं होतं.' ते मी टेबलाच्या काचेखाली ठेवलंय.

केबिन गेल्यापासून बारक्या माझ्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसतो. फोनवर खोक्यांच्या गिऱ्हाइकांशी बोलता बोलता हातात एक नकाशा असतोच. कोठडी नंबर चारच्या पायऱ्यांवरून तो अजून खाली चाललाय. त्याच्या घड्या वाकड्याच पडतात. मी सरळ करत नाही.